फास्टॅग वार्षिक पास: नाशिकहून गाडी काढणाऱ्यांसाठी

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा हा पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला, तेव्हा किंमत ३००० रुपये होती. खासगी कार, जीप, व्हॅनला एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. म्हणजे त्या किमतीत टोलमागे १५ रुपये. नियमित मुंबई करणाऱ्यांनी डोळे झाकून घ्यावा!

फेरी म्हणजे मात्र जाऊन-येऊन नव्हे, एक टोलनाका ओलांडला की एक फेरी. घोटी एक, पडघा एक; येताना पुन्हा दोन. मुंबईची एक वारी चार फेऱ्या खाते, २०० फेऱ्यांत पन्नास वाऱ्या.

खरी गफलत समृद्धीवर होते. तो राज्याचा रस्ता, तिथे पास चालत नाही, टोल नेहमीच्या बॅलन्समधून कापला जातो. पास आहे म्हणून वॉलेट रिकामं ठेवलंत की बूथवर अडकलात. ५०० रुपये तरी ठेवाच.

राजमार्गयात्रा ॲपवर गाडी नंबर टाकून पैसे भरा, साधारण दोन तासांत पास सुरू होतो. टॅग फक्त चेसिस नंबरवर असेल तर पास मिळत नाही. आधी टॅग देणाऱ्या बँकेकडून गाडी नंबर चढवून घ्या. टॅग काचेवर चिकटवलेलाच हवा. पैसे परत मिळत नाहीत.