घरगुती स्नो गन: पाणी आहे, वीज आहे, थंडी कुठंय?

अंगणात बर्फ पाडणारं यंत्र घेणाऱ्याचा हिशेब साधा असतो. हिवाळा रुसलाय, आकाशातून काही पडत नाही, मग पाणी आणि वीज लावून आपणच पाडू. खोक्यावरचं चित्रही तेच सांगतं: हिरवी हिरवळ, मधोमध पांढरा ढीग आणि त्यावरून घसरणारी मुलं. त्याच खोक्यावर बारीक अक्षरात ‘उणे २ अंशांखाली वापरा’ असंही छापलेलं असतं. सगळी गोम तिथंच आहे, आणि तो आकडाही अर्धवट आहे.

इथं लिहिलंय ते एक्स्टर्नल मिक्स प्रकारच्या छोट्या संचाबद्दल, म्हणजे ज्यात मुख्य फवाऱ्याचं पाणी आणि हवा डोक्याबाहेर भेटतात. वेगवेगळ्या नावांनी विकले जाणारे हे संच आतून जवळपास सारखेच असतात. खोक्यात तीन पायांचा स्टँड, पितळी किंवा स्टीलचं डोकं, त्यात पाण्याची तीन-चार बारीक नोझल्स आणि मधोमध एक न्यूक्लिएटर, म्हणजे हवा आणि पाणी एकत्र फुंकणारं छोटं तोंड. सोबत दोन बॉल व्हॉल्व्ह, एक प्रेशर गेज आणि थोडी फिटिंग्ज. प्रेशर वॉशर (पाणी जोराच्या दाबानं फेकणारा पंप) आणि कॉम्प्रेसर (हवा दाबून देणारं यंत्र) वेगळे घ्यावे लागतात. म्हणजे हातात येतो तो संचाचा स्वस्त भाग, महागडा भाग अजून दुकानातच असतो. जाहिरातीत हे ठळकपणे सांगायला हवं होतं.

धातूकामाबद्दल तक्रार नाही. आटे स्वच्छ आहेत, टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे दिले की गळत नाही. माहितीपत्रक मात्र निकामी आहे. त्यात हवेचं तापमान दिलंय आणि आर्द्रतेबद्दल चकार शब्द नाही. बर्फ होणार की चिखल, हे ठरतं वेट बल्ब तापमानावर. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातल्यावर जो आकडा दिसतो तो वेट बल्ब. उडणाऱ्या थेंबाचं थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि उरलेला थेंब त्यामुळं गार होतो. हवा कोरडी असेल तर वाफ भरपूर आणि गारवाही भरपूर.

आकड्यांत पाहा. हवा शून्य अंश आणि आर्द्रता ३० टक्के असेल तर वेट बल्ब उणे ४ च्या आसपास येतो, बर्फ होतो. हवा उणे २ आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर वेट बल्ब जेमतेम उणे २.५, आणि खाली पडतं ते गिळगिळीत ओलं काहीतरी. थर्मामीटर पाहून खूश झालेला माणूस अशा दमट रात्री फसतो आणि दोष नोझलला देतो. व्यवहारात उणे २.५ ही सुरुवातीची हद्द, उणे ४ ला काम जमतं आणि उणे ६ च्या खाली यंत्र खरंखुरं चालतं.

न्यूक्लिएटर कशाला लागतो, हे अनेकांना कळत नाही, म्हणून काही जण कॉम्प्रेसरचा खर्च वाचवायला नुसता प्रेशर वॉशर लावून बघतात. शुद्ध पाण्याचा बारीक थेंब शून्याला गोठतोच असं नाही. गोठायला त्याला बीज लागतं. न्यूक्लिएटरमधून दाबाखालची हवा सुटते, एकदम फुगते आणि त्या क्षणी कमालीची गार होते. तिच्यातल्या पाण्याचे सूक्ष्म बर्फकण बनतात आणि मोठ्या नोझल्समधून आलेल्या थेंबांना चिकटून त्यांनाही गोठवतात. हवा बंद केली की उरतो तो गार पाण्याचा फवारा. काही मोठ्या स्की उतारांवर याच कामासाठी पाण्यात एका निर्जीव केलेल्या जिवाणूचं प्रथिनही मिसळतात. घरगुती वापरात त्याची गरज नाही.

कॉम्प्रेसर निवडताना सगळ्यात जास्त फसगत होते. संचाला ६ बार दाबावर मिनिटाला साधारण १२० ते १४० लिटर हवा लागते, तीही अखंड. कॉम्प्रेसरवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा असतो, प्रत्यक्ष बाहेर मिळते त्याच्या ६०-७० टक्के. टाकी मोठी आहे म्हणून भुलू नका, ती दोन मिनिटांत रिकामी होते. शिवाय टायरमध्ये हवा भरायला केलेले स्वस्त कॉम्प्रेसर निम्मा वेळ विश्रांती धरूनच बनवलेले असतात. त्यांना रात्रभर पळवलं की तापून बंद पडतात, आणि ते नेमके पहाटे चारला, जेव्हा बर्फ उत्तम होत असतो.

प्रेशर वॉशर १०० बारच्या पुढचा आणि मिनिटाला ५.५ ते ७ लिटर पाणी देणारा हवा. नोझल्सचा एकूण प्रवाह पंपाच्या प्रवाहाशी जुळलाच पाहिजे. नोझल्स फार बारीक असतील तर पंपाचा अनलोडर व्हॉल्व्ह (दाब वाढला की पाणी मागं वळवणारा) सारखा उघडझाप करतो, पाइप थडथडतो आणि गेजचा काटा नाचतो. फार मोठी असतील तर दाब पडतो, थेंब जाड होतात आणि जमिनीवर येईपर्यंत गोठत नाहीत. वॉशर आणि कॉम्प्रेसर मिळून साधारण ४ किलोवॉट खातात. दोन्ही एकाच सर्किटवर लावू नका.

स्वस्तातला दुसरा प्रकार इंटर्नल मिक्स. त्यात नळाच्या दाबाचं पाणी आणि हवा आतच भेटतात, त्यामुळं प्रेशर वॉशर लागत नाही. पण पाण्याचा दाब हवेपेक्षा जरा वर गेला की पाणी उलट हवेच्या पाइपात शिरतं. दोन्ही बाजूंना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे उलटा प्रवाह रोखणारी झडप, नसलेला असा संच फुकट मिळाला तरी घेऊ नये.

चालू करताना आधी हवा, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग दोन-तीन मिनिटं हवा चालू ठेवून डोकं कोरडं करायचं. हा क्रम चुकला की न्यूक्लिएटरमध्ये बर्फाचा बूच बसतो, तो कोमट पाण्यानंच सुटतो. वॉशरच्या पंपात पाणी राहून गोठलं तर पंपाला तडा जातो, आणि ती दुरुस्ती नव्या वॉशरएवढी पडते. काम संपलं की वॉशर घरात. हवेचा पाइपही दगा देतो. कॉम्प्रेसरची हवा गरम आणि दमट असते, थंडीत पाइपमध्येच तिचं पाणी सुटतं आणि गोठतं. कॉम्प्रेसरनंतर पाच-सात मीटर पाइप गार जमिनीवर पसरून मग वॉटर ट्रॅप लावला की बरंचसं पाणी तिथंच अडकतं. पाण्यात गाळ किंवा कण असतील तर १०० मेशचा (बारीक जाळीचा) फिल्टर लावाच, नाहीतर एकेक नोझल तिरकं फवारू लागतं. नळाचं पाणी १० अंशांचं असेल तर थंड पिंपात साठवून २-३ अंशांवर आणा. हद्दीवरच्या रात्री एवढ्यानंही फरक पडतो.

बर्फ नीट होतोय का, हे पाहायला उपकरण लागत नाही. फवाऱ्याखाली तीन-चार मीटरवर गडद रंगाच्या जॅकेटची बाही अर्धा मिनिट धरा. कण टणकन उडून पडले तर बर्फ कोरडा आहे, पाणी थोडं वाढवता येईल. बाहीवर चिकटून राहिले आणि झटकल्यावर गेले तर ठीक. कापड भिजून चमकू लागलं तर पाणी कमी करा किंवा झोपायला जा. यंत्राचं तोंड नेहमी वारा जिकडं वाहतोय तिकडं ठेवा. वारा अजिबात नसेल तर स्वतःचाच दमट ढग यंत्राभोवती साचतो आणि वेट बल्ब वर चढतो.

आता उत्पन्न. यंत्राचा बर्फ जड असतो, घनमीटरला ४०० ते ५०० किलो. नुकता पडलेला नैसर्गिक बर्फ साधारण १०० किलोचा. म्हणजे मिनिटाला ६ लिटरनं तासाला ३६० लिटर पाणी जातं आणि जेमतेम ०.८ घनमीटर बर्फ मिळतो. दहा मीटर लांब-रुंद अंगणात १० सेंटिमीटर थर द्यायचा तर साडेचार हजार लिटर पाणी आणि साडेबारा तास हवेत. इतके सलग थंड तास हल्लीच्या हिवाळ्यात कुठून आणायचे? रात्र थोडी आणि सोंगं फार.

या खरेदीत खरी निराशा इथं आहे. हिवाळा सौम्य होतोय तो मुख्यतः रात्रींमधून. किमान तापमान कमाल तापमानापेक्षा वेगानं वाढतंय, आणि यंत्र चालतं ते त्याच किमान तापमानाच्या जिवावर. शिवाय एक अंश उष्ण हवेत सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणजे वेट बल्बलाही फटका. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकच्या उतारांवर जवळजवळ सगळा बर्फ यंत्राचा होता, पण तिथं पाऊस-बर्फ कमी असला तरी थंडी कोरडी आणि कडक होती. थंडी आहे पण बर्फ पडत नाही, अशा जागेसाठी स्नो गन उत्तम. थंडीच नाही, अशा जागी ती शोभेची वस्तू.

झालेला बर्फ लगेच पसरू नका. ढीग एक दिवस तसाच निथळू द्या, आणि पसरा तोही लागेल तेवढाच, कारण ढिगाचं उघडं अंग कमी म्हणून तो टिकतो. उन्हापेक्षा दमट, उबदार वाऱ्याला जपा. बर्फावर एक किलो बाष्पाचं पाणी झालं की त्या उष्णतेत सात किलोहून जास्त बर्फ वितळतो.

घ्यायचीच असेल तर आधी एक हिवाळा तापमान आणि आर्द्रता नोंदवणारं साधं यंत्र बाहेर सावलीत टांगा आणि वेट बल्ब उणे ४ च्या खाली गेलेले तास मोजा. ५० च्या वर भरले तर बिनधास्त घ्या. २० च्या आत असतील तर भाड्यानं आणा. आणि फिटिंग्जचे रबरी वॉशर दोन-चार जास्तीचे ठेवा. बर्फात पडलेला वॉशर पूर्वी वसंतात सापडायचा, हल्ली तिसऱ्या दिवशीच सापडतो, पण काम अडतं ते त्याच रात्री.