‘पर कॉपी’च्या मशीनने आमच्या वृद्धाश्रमाला घातलेला गंडा

सोलापूर जिल्ह्यात वृद्धाश्रम, वसतिगृह किंवा छोटा दवाखाना चालवत असाल तर हे वाचा. ‘तुमचं प्रिंटिंग मॉडर्न करून देतो’ म्हणत एक पार्टी संस्थांमध्ये फिरते आहे. प्रकरण वकिलाकडे असल्यामुळे नाव लिहीत नाही, पण पद्धत सांगतो. ओळखायला तेवढी पुरे.

मी विजापूर रोडकडच्या एका वृद्धाश्रमाचे हिशेब बघतो. आमच्याकडे एचपीचं जुनं १०२० हे लेझर प्रिंटिंगचं मशीन होतं. नवी पेठेतला पोरगा येऊन १२ए काट्रिज रिफिल करून जायचा. पण आश्रमात कागद फार. प्रत्येक आजी-आजोबांचा औषधांचा तक्ता मोठ्या टायपात, काही आज्यांसाठी तोच तेलुगूत, आधारच्या झेरॉक्स, दवाखान्याचे कागद, देणगीच्या पावत्या. नोव्हेंबर उजाडला की पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले. त्यामुळे विश्वस्तांना ‘पर कॉपी’ची, म्हणजे छापलेल्या पानामागे पैसे द्यायची स्कीम पटली: डिपॉझिट भरा, नवं कोरं कलर मशीन घ्या, टोनर आणि सर्व्हिस त्यांची, काळ्या पानाला ६० पैसे, कलरला ६ रुपये. करार तीन वर्षांचा.

पहिली बिलं बघून मी चक्रावलो. कलर प्रिंट आम्ही काढतच नव्हतो, आणि बिलात जवळजवळ सगळी पानं कलर. पानं मोजणाऱ्या मीटरचं रीडिंग खोटं नव्हतं, हीच तर खरी मेख. आमच्या लेटरहेडवर बोटाच्या पेराएवढं भगवं चिन्ह आहे आणि औषधाच्या तक्त्यात ‘उपाशीपोटी’ एवढा शब्द लाल. पानावर रंगाचा ठिपका जरी असला तरी मीटर अख्खं पान कलरमध्ये धरतो. ६० पैशांचं पान ६ रुपयांना, वर १८ टक्के जीएसटी. आमचे कागद त्यांच्या माणसाने करारापूर्वी चाळून पाहिले होते. चिन्ह त्याला दिसलं नसेल? तरी कॉम्प्युटरवर मशीनचं सॉफ्टवेअर (ड्रायव्हर) टाकताना ‘ऑटो कलर’ ठेवून गेला. ‘ब्लॅक’ निवडायला दोन क्लिक लागतात.

पैशाचं एक वेळ सोडा. एके सकाळी औषधं वाटणाऱ्या मावशी तक्ता घेऊन ऑफिसात आल्या. ‘सर, हे बघा की, काल अर्धी गोळी होती, आज नुसतं गोळी आहे.’ मी कागदावर अंगठा फिरवला तर शेजारचं अक्षरही अंगठ्याला लागून आलं. लेझर प्रिंटरमध्ये टोनरची भुकटी कागदावर बसते आणि फ्यूजर ती उष्णतेने वितळवून पक्की करतो. फ्यूजर झिजला की छपाई ताजी असताना झकास दिसते, हाताळली की पुसते. मावशींच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. ती गोळी रक्तदाबाची होती.

तक्रार केली तर उत्तर काय? सोलापूरचा उन्हाळा, धूळ, व्होल्टेज. अरे, याच उन्हाळ्यात आमचं १०२० निमूट चालायचं!

शेवटी बाहेरचा मेकॅनिक बोलावला. त्याने आधी मेनूतून मीटर पेज, म्हणजे मशीनने आजवर किती पानं छापली त्याचा कागद काढला: एकूण छपाई चार लाख पानांच्या पुढे. आमच्या सगळ्या बिलांतल्या पानांची बेरीज त्याच्या पासंगालाही पुरत नव्हती. चलनावर ‘न्यू’ लिहिलेलं, आल्या दिवशी स्क्रीनवर प्लास्टिकची फिल्मसुद्धा चिकटवलेली, आणि मशीन मात्र कुठेतरी वर्षानुवर्षं घासून निघालेलं. वापरलेली यंत्रं स्वच्छ करून विकणं हा रीतसर धंदा आहे, त्याला माझी हरकत नाही. जुनं म्हणून, जुन्याच्या दरात द्या.

मीटर पेजची प्रत पाठवल्यावर पार्टीचा सूर बदलला. ‘मशीन उचलून नेतो, विषय संपवा.’ टेम्पोही दारात आला. मेकॅनिकनेच अडवलं, कारण या मोठ्या मशीनमध्ये हार्ड डिस्क असते आणि स्कॅन-कॉपी केलेल्या कागदांच्या प्रतिमा तिच्यात राहू शकतात. म्हणजे सगळ्या आजी-आजोबांचे आधार, पासबुकं, आजारांचे कागद टेम्पोत बसून गेले असते. अमेरिकेत भाड्याचे कॉपिअर डिस्क न पुसता परत केले म्हणून २०१३ मध्ये एका आरोग्य विमा संस्थेला १२ लाख डॉलरहून अधिक भरावे लागले होते. आम्ही डिस्क पुसून घेतली, तसं लिहून घेतलं, मगच मशीन सोडलं.

डिपॉझिट अजून अडकलेलं आहे. ग्राहक आयोगात जाऊ म्हटलं तर वकिलांनी वेगळाच खड्डा दाखवला. १९८६ च्या ग्राहक कायद्याखाली ट्रस्टला तक्रार करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं होतं. आता २०१९ चा कायदा आहे, त्यात तक्रार करू शकणाऱ्या ‘व्यक्ती’ची व्याख्या मोठी आहे, तरी समोरचा वकील तो मुद्दा काढणारच. तुमची संस्था ट्रस्ट असेल तर हे सही करायच्या आधी डोक्यात असू द्या. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारून घ्यायला पैसे पडत नाहीत.

कुणी मशीन घेऊन आलंच, तर डिलिव्हरीच्या वेळी त्याच्यासमोर मीटर पेज काढा, तारीख घालून त्याची सही घ्या. तुमचे रोजचे चार कागद त्यावर छापून कुठलं पान कलर धरलं ते तिथेच बघा. एक प्रत रात्रभर ठेवून सकाळी अंगठ्याने घासा. आणि करार संपल्यावर डिस्कचं काय, ते करारातच लिहून घ्या. आमच्या करारात डिस्कचा शब्दही नव्हता, म्हणून टेम्पोवाल्याशी दुपारभर वाद घालावा लागला.