ऑर्लँडोची तिकिटं: सहा जणांना सहा सारखी तिकिटं काढू नका

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत डिस्नी वर्ल्डचे थीम पार्क असोत की युनिव्हर्सलचे, तिकीट माणशी असतं. कुटुंबाचं म्हणून वेगळं तिकीट मिळत नाही आणि डिस्नी वर्ल्डमध्ये ज्येष्ठ नागरिकांना सवलतही नाही. तरीही आपल्या घरांमधून खरेदी होते ती बहुतेक वेळा एकगठ्ठा: भारतातून आलेले आई-बाबा, आपण दोघं, दोन मुलं, म्हणजे सहा. चार दिवस, सगळ्यांना सारखं, कुणाला कमी-जास्त नको. पंगतीत वाढताना ही रीत योग्य आहे. ऑर्लँडोत मात्र सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. त्यापुढे कूपन आणि सवलतीचे कोड शोधून वाचणारी रक्कम किरकोळ असते.

आधी दोन्हीकडचा हिशेब कसा चालतो ते बघू. डिस्नी वर्ल्डमध्ये चार मुख्य पार्क आहेत: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम. एका दिवसाच्या तिकिटाचा दर पार्कनुसार आणि तारखेनुसार बदलतो. सगळ्यात स्वस्त दिवशी अ‍ॅनिमल किंगडम 119 डॉलरला मिळतं, तर नाताळच्या आठवड्यात मॅजिक किंगडम 200 डॉलरच्या पुढे जातं. तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचं तिकीट मोठ्यांपेक्षा जेमतेम काही डॉलरनी स्वस्त असतं. दहावं लागलं की मोठ्यांचं तिकीट. तीन वर्षांखालच्या मुलांना मात्र तिकीटच लागत नाही, त्यामुळे धाकट्याचा तिसरा वाढदिवस जवळ आला असेल तर सहल त्याआधी करा. हीच एक मोठी सवलत आहे.

दिवस वाढवले की दर दिवसाचा भाव उतरतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो सारखा उतरत नाही. पहिले तीन-चार दिवस महागच राहतात. पाचव्या दिवसापासून मात्र प्रत्येक वाढीव दिवस फारच थोड्या पैशांत मिळतो. म्हणून आठवडाभर मुक्काम असेल तर चार दिवस डिस्नी आणि एक दिवस दुसरीकडे, ही जोडी सगळ्यात महाग पडते, कारण दुसरीकडचा तो पहिला दिवस पुन्हा पूर्ण भावाने घ्यावा लागतो. तोच पाचवा दिवस डिस्नीत घेतला तर खर्च फारसा वाढत नाही. एका सहलीत एकच कंपनी, ही लहान मुलं असलेल्या कुटुंबासाठी सर्वांत स्वस्त जुळणी.

आता आजी-आजोबांचं. चार दिवस रोज दहा-बारा हजार पावलं, फ्लोरिडाचं ऊन, आणि रांगेत उभं राहणं. सत्तरीच्या माणसाला हे झेपत नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी 'तुम्ही जा, आम्ही हॉटेलवरच बसतो' हे ठरलेलं असतं. तिकिटाचे पैसे मात्र परत मिळत नाहीत. त्यांच्यासाठी दोन दिवसांचं तिकीट पुरतं: एक दिवस मॅजिक किंगडम, एक दिवस अ‍ॅनिमल किंगडम किंवा एपकॉट. चार दिवसांच्या आणि दोन दिवसांच्या तिकिटात माणशी साधारण दोनशे डॉलरच्या वर फरक पडतो, म्हणजे दोघांचे मिळून चारशे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण गडबड नेमकी हिच्यात होते. प्रत्येक तिकिटाला सुरुवातीची तारीख असते आणि तिथून मोजलेली मुदत असते. दोन दिवसांचं तिकीट चार दिवसांत वापरायचं, तीन दिवसांचं पाच दिवसांत, चार दिवसांचं सात दिवसांत, पाच दिवसांचं आठ दिवसांत. समजा सगळ्यांच्या तिकिटांची सुरुवात 10 तारखेला आहे. तुमचं चार दिवसांचं तिकीट 16 तारखेपर्यंत चालेल, पण आजी-आजोबांचं दोन दिवसांचं 13 तारखेला संपेल. म्हणजे त्यांचे दोन्ही पार्क 10 ते 13 च्या दरम्यान उरकले पाहिजेत, नाहीतर त्यांच्या तिकिटांची सुरुवात वेगळी, 12 किंवा 13, घ्या. वेगवेगळ्या तारखांची तिकिटं एकाच कुटुंबात चालतात. अ‍ॅपमध्ये सगळी एका यादीत जोडता येतात.

या मुदतीचा एक फायदाही आहे. बहुदिवसीय तिकिटाचा दर सुरुवातीच्या तारखेवर ठरतो आणि तिकीट त्याच दिवशी वापरलं पाहिजे असं बंधन नाही. सुट्ट्यांच्या तोंडावर भाव चढत असतो, तेव्हा सुरुवात दोन दिवस अलीकडे घेतली तर कधीकधी तेच तिकीट स्वस्तात मिळतं. 17 डिसेंबरची सुरुवात असलेलं चार दिवसांचं तिकीट 23 पर्यंत चालतं, त्यामुळे 19 ला पोहोचणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. उशिरा येणाऱ्या विमानासाठीही हीच सोय. मात्र मुदत उलटली आणि तिकीट अर्धवट वापरलेलं असलं तर उरलेले दिवस गेले. एकदाही न वापरलेल्या तिकिटाची किंमत नव्या तिकिटात वळती करता येते.

पार्क हॉपर, म्हणजे एकाच दिवशी एकाहून जास्त पार्क, हा पर्याय डिस्नीचं पान फार आग्रहाने पुढे करतं. जानेवारी 2024 पासून दिवसभर कधीही पार्क बदलता येतो, हे खरं. पण हॉपरची किंमत तिकिटाच्या दिवसांनुसार फारशी बदलत नाही, म्हणून दोन-तीन दिवसांच्या तिकिटावर ते सगळ्यात महाग पडतं. शिवाय मॅजिक किंगडमहून अ‍ॅनिमल किंगडमला जायचं तर बसची वाट बघण्यासकट तासभर सहज जातो. लहान मूल आणि त्याची ढकलगाडी असेल तर हॉपर नकोच. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज ही एकच जोडी अशी की जिथे स्कायलायनर या रोपवेच्या पाळण्यातून किंवा चालतसुद्धा जाता येतं. घ्यावंसं वाटलंच तर तिथे गेल्यावर अ‍ॅपमधून वाढवता येतं. आधी घेऊन ठेवण्यात काहीच फायदा नाही, आणि आजी-आजोबांच्या तिकिटावर ते कधीच घेऊ नका.

रांग टाळण्याचा लायटनिंग लेन मल्टी पास जुलै 2024 पासून सुरू आहे. डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी आणि इतरांना तीन दिवस आधी, ऑर्लँडोच्या सकाळी सात वाजता आरक्षण करता येतं. हाही पार्कनिहाय घ्या. मॅजिक किंगडम आणि हॉलिवूड स्टुडिओज एकेकदाच बघणार असाल तर तिथे पैसे वसूल होतात. अ‍ॅनिमल किंगडममध्ये सकाळी गेट उघडताना हजर राहिलं तर गरज पडत नाही. आणि सहाही जणांना घेण्यापूर्वी उंची मोजा: ट्रॉनला 48 इंच लागतात, स्पेस माउंटनला 44, स्लिंकी डॉगला 38. पाच वर्षांचा मुलगा साधारण 43 इंचांचा असतो, त्यामुळे पहिल्या दोन राइड्स त्याच्यासाठी बंदच. अशा वेळी रायडर स्विच मागा, ते फुकट आहे. एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग पहिला मोठी रांग न लावता जातो. थोरल्या बहिणीला अशाने दोनदा बसायला मिळतं.

ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत आणि नंतर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मॅजिक किंगडमला काही संध्याकाळी वेगळ्या तिकिटाच्या पार्ट्या असतात. त्या दिवशी साधं तिकीट असणाऱ्यांसाठी पार्क संध्याकाळी सहाला बंद होतो आणि आतषबाजी फक्त पार्टीवाल्यांना दिसते. महिनाभर आधी ठरवून गेलेल्या माणसाला हे गेटवर कळतं तेव्हा फार चुटपुट लागते. तारखा डिस्नीच्या पानावर आधीच असतात, बघून ठेवा. उलट बाजूने, पार्टीचं तिकीट असेल तर दुपारी चारपासून आत सोडतात. दुपारी विमानातून उतरणाऱ्या कुटुंबाने पहिल्या दिवशी दिवसाचं तिकीट न घेता हे घेतलं तर चार ते मध्यरात्र असा पार्क मिळतो. मुलं जागी राहतील तरच, अर्थात.

काही उन्हाळ्यांत डिस्नी सवलतीचं चार पार्कांचं तिकीट काढते. 2024 मध्ये ते दिवसाला 99 डॉलरपासून, म्हणजे करांशिवाय 396 डॉलरपासून होतं. त्याची अट: चारही पार्क, प्रत्येक फक्त एकदाच. मॅजिक किंगडमला दोनदा जायचं असेल तर ते आपल्या कामाचं नाही. आणि उन्हाळा म्हणजे ऑर्लँडोत रोज दुपारची गडगडाटी सर आणि उघड्यावरच्या राइड्स तासभर बंद, हेही धरून चाला.

आता युनिव्हर्सल. युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा, आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर, व्होल्कॅनो बे हा जलपार्क, आणि 22 मे 2025 ला उघडलेलं एपिक युनिव्हर्स. एपिकचं एका दिवसाचं तिकीट उघडताना 139 ते 199 डॉलर होतं. मुलं दहा-बाराच्या पुढची असतील तर आमच्या मते डिस्नीपेक्षा हे चांगलं, कारण व्हेलोसिकोस्टरला 51 इंच आणि हॅग्रिडच्या मोटरबाइकला 48 इंच उंची लागते आणि त्या वयात ती झालेली असते. धाकटं मूल चार-पाच वर्षांचं असेल तर त्याच्या तिकिटातला निम्मा पार्क त्याला बंद असतो.

इथे पार्क-टू-पार्क, म्हणजे एकाच दिवशी एकाहून जास्त पार्कांच्या, तिकिटाचा प्रश्न येतो. हॉगवर्ट्स एक्स्प्रेस ही गाडी दोन जुन्या पार्कांच्या मधे धावते, त्यामुळे ते तिकीट असल्याशिवाय तिच्यात बसू देत नाहीत. मुलांनी हॅरी पॉटरची पुस्तकं वाचली असतील तर ते घ्या, नसतील तर साधं तिकीट बरं.

युनिव्हर्सलची खरी बचत मात्र हॉटेलात आहे. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहणाऱ्या प्रत्येकाला दोन जुन्या पार्कांसाठी रांग टाळण्याचा एक्स्प्रेस अनलिमिटेड पास मिळतो, आणि तो आगमनाच्या व निर्गमनाच्या दोन्ही दिवशी चालतो. म्हणजे एका रात्रीच्या मुक्कामात दोन दिवस. चौघांचे दोन दिवस म्हणजे आठ पास. गर्दीच्या दिवसांत एक पास शंभर डॉलरच्या वर जातो, म्हणजे आठशे डॉलर आणि वर. खोली पाचशेला मिळाली तरी तुम्ही पुढेच राहता. खोली दुपारी चारला मिळते, पण पास सकाळीच लॉबीतून घेता येतो, सामान तिथे ठेवून सरळ पार्कात जा. दोन गोष्टी विसरू नका: प्रवेशाचं तिकीट वेगळं काढावं लागतं, आणि हा पास एपिक युनिव्हर्सला चालत नाही.

विकत कुठे घ्यायचं? डिस्नीच्या पानावरचा भाव करांशिवाय असतो, त्यावर ऑर्लँडोत साडेसहा टक्के विक्रीकर लागतो. 150 डॉलरचं तिकीट 159.75 ला पडतं. अधिकृत विक्रेते, उदाहरणार्थ अंडरकव्हर टुरिस्ट, करासकट भाव दाखवतात, म्हणून तुलना शेवटच्या पानावरच करा. एक-दोन दिवसांच्या तिकिटावर तिथे फारसं काही सुटत नाही, जास्त दिवसांवर सुटतं. अमेरिकेत राहणाऱ्यांकडे टार्गेट या दुकानांच्या साखळीचं कार्ड असेल तर डिस्नीची गिफ्ट कार्डं पाच टक्के कमी किमतीत घेऊन त्यातून थेट डिस्नीकडे पैसे भरता येतात. भारतातल्या कार्डावरून भरलं तर बऱ्याच बँका दोन ते साडेतीन टक्के परकीय चलनाचा आकार आणि त्यावर जीएसटी लावतात, तेव्हा तिकीट इकडच्या मुलाने किंवा मुलीने काढावं हे उत्तम. मुंबई-पुण्याच्या एजंटकडून घेतलंच तर पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा: सुरुवातीची तारीख कोणती टाकली आहे, आणि क्रमांक कधी मिळेल. क्रमांक हातात आल्याबरोबर तो डिस्नीच्या अ‍ॅपमध्ये जोडून बघा. जोडला गेला आणि तारीख बरोबर दिसली की काळजी मिटली.

रस्त्याकडेच्या फलकांवर 'उरलेले दिवस' असलेली तिकिटं विकतात. ती घेऊ नका. पहिल्या दिवशी गेटवर बोटाचा ठसा तिकिटाला जोडला जातो, दुसऱ्याचा चालत नाही, आणि अर्धवट वापरलेलं तिकीट विकणं फ्लोरिडात गुन्हा आहे. जवळजवळ फुकट तिकिटं देणारे स्टॉल टाइमशेअरचे, म्हणजे सुट्टीच्या घरात वाटा विकणाऱ्यांचे असतात, आणि बदल्यात त्यांचं विक्रीचं भाषण ऐकावं लागतं. नव्वद मिनिटं म्हणतात, पण अर्धा दिवस जातो, आणि त्या अर्ध्या दिवसाचंही तिकीट तुम्ही काढलेलं असतं.

डिस्नीत पार्किंग 2024 मध्ये 30 डॉलर होतं. एकदा भरलं की त्या दिवशी चारही पार्कांना चालतं, आणि डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना फुकट. बाहेरचं खाणं डिस्नीत नेता येतं, फक्त काचेची भांडी आणि दारू नको. म्हणजे दशम्या, गूळपोळी, चिवडा खुशाल न्या, पण लोणचं काचेच्या बरणीतून प्लॅस्टिकच्या डब्यात काढा, बरणी तपासणीच्या टेबलावरच ठेवून घेतात. बर्फाचं पाणी झटपट खाण्याच्या कुठल्याही काउंटरवर मागितलं की पेल्यात फुकट देतात. युनिव्हर्सल खाण्याच्या बाबतीत जास्त कडक आहे, तिथे किरकोळ खाऊ चालतो, पूर्ण जेवणाचा डबा नाही.