खान्देशातली मोफत एआरटी सेवा: गोळीला पूर्ण गुण, समुपदेशनाला निम्मे

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत एचआयव्हीची औषधं सरकारी एआरटी केंद्रात (एचआयव्ही दाबून ठेवणारे औषधोपचार देणारं केंद्र) फुकट मिळतात, आणि औषध खरंच उत्तम आहे. टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम, सगळं मिळून रोज एकच गोळी. मे महिन्यात पत्र्याच्या घरात मात्र ती भाजून निघते. डबी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा, आतली ओल शोषणारी पुडी काढू नका.

सेवा कमी पडते ती औषधाविना वर्षानुवर्षं ठणठणीत राहिलेल्यांपुढे. ‘सीडी४ ७०० आहे, मला गोळी कशाला?’ या प्रश्नाला ‘सरकारी नियम आहे’ एवढंच उत्तर पुरत नाही. (सीडी४ म्हणजे रक्तातल्या संरक्षक पेशींची मोजणी.) आजार सावकाश का चढतो, हे अहिराणीतसुद्धा सांगता येतं. काहींच्या शरीरात एचएलए-बी५७ किंवा बी२७ हा जनुकप्रकार असतो. त्यांच्या मारक टी-पेशी विषाणूचा नेमका असा भाग धरतात, की सुटण्यासाठी तो भाग बदलला तर विषाणूच लुळा पडतो. जनुक असलं म्हणजे हमी मिळाली, असं मात्र नाही. औषधाविना व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, ५० प्रतींखाली राखणारे शंभरात एकही भरत नाहीत. त्यांच्याही शरीरात दाह धुमसत राहतो आणि काहींचा सीडी४ हळूहळू घसरतोच. थांबण्यापेक्षा लगेच औषध सुरू करणं हिताचं, हे २०१५ च्या ‘स्टार्ट’ नावाच्या वैद्यकीय अभ्यासाने दाखवलं. भारतात २०१७ पासून सीडी४ कितीही असो, उपचार सर्वांना.

सीडी४ चा एकच आकडा धरून बसू नये. तो सकाळी कमी, संध्याकाळी जास्त येतो, तापात खाली जातो. ७०० चे ६०० झाले म्हणून घाबरायचं कारण नाही. रक्त दर वेळी साधारण त्याच वेळेला द्यावं आणि तीन-चार अहवाल शेजारी ठेवून कल पाहावा.

सगळ्यांत मोठी चूक एचआयव्ही-२ च्या बाबतीत होते. विषाणूचा हा दुसरा प्रकार पश्चिम भारतात आढळतो आणि मुळातच संथ असतो. नेहमीची व्हायरल लोड चाचणी एचआयव्ही-१ ची. ती याला पकडत नाही. मग ‘विषाणू आढळला नाही’ असा अहवाल हातात पडतो आणि माणूस निर्धास्त होतो. नेव्हिरापिन, एफाविरेन्झ ही जुनी औषधंही याच्यावर चालत नाहीत. म्हणून अहवालावर १ की २ हे लिहिलेलं नसेल, तर खिडकी सोडण्याआधी विचारून घ्या.