लॉनमधल्या लव्हाळ्यावर सेम्प्रा हे तणनाशक मारलं, त्याचा रिव्ह्यू

बंगल्यापुढे 400 स्क्वेअर फुटाचं मेक्सिकन लॉन आहे आमचं, लाल माती टाकून लावलं आणि मातीसोबत लव्हाळा फुकट आला. वर्षभर मी रोज सकाळी खुरपं घेऊन उपटत बसायचे, आणि आठ दिवसांनी बघावं तर एकाच्या जागी चार. मग कळलं की खाली गाठींची माळच असते, वरचा कोंब ओढला की माळ तुटते आणि झोपलेल्या गाठी फुटतात, म्हणजे मी चक्क त्याची लागवड करत होते! सासूबाई तेवढ्या खूश, या गाठी म्हणजेच मोथा, उटण्यासाठी घरच्या घरी.

शेजाऱ्यांनी ग्लायफोसेट नावाचं तणनाशक मारलं होतं, त्यात लव्हाळ्याबरोबर लॉनही जळून गेलं. ते हिरवं दिसेल ते जाळतं, शिवाय 2022 मध्ये सरकारने ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच वापरायचं असा आदेश काढला होता. म्हणून कृषी सेवा केंद्रातून धानुकाचं सेम्प्रा आणलं, आत हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल 75 टक्के. पाकिटावर उसाचं नाव आहे, लॉनचं नाही, पण अमेरिकेत हेच औषध लॉनसाठी विकतात म्हणून धीर केला, तरी आधी एका कोपऱ्यात मारून पंधरा दिवस थांबले. लॉनला काही झालं नाही.

खरी गंमत डोसची. एकराला 36 ग्रॅम, म्हणजे माझ्या लॉनला हिशोबाने साधारण 0.33 ग्रॅम! किचनचा काटा तर हलतही नाही. शेवटी दागिने मोजायच्या छोट्या काट्यावर 1 ग्रॅम घेतलं, लिटरभर पाण्यात विरघळवलं, त्यातलं 330 मिली काढून पाणी घालून दीड लिटर केलं आणि हातपंपाने मारलं. ग्लोव्ह्ज, मास्क घालूनच, आणि कुत्र्याला दिवसभर आत बांधून. अंदाजाने चमचाभर टाकू नका हां, प्लीज.

चार दिवस काहीच नाही, नवरा म्हणे पैसे गेले पाण्यात. दहाव्या दिवशी शेंडे पिवळे पडले आणि तीन आठवड्यांत सगळा लव्हाळा तपकिरी होऊन बसला, लॉन मात्र हिरवंगार. दीड महिन्याने इकडे तिकडे थोडे कोंब आले, तेव्हा परत एक हात मारला. आता शोधावा लागतो. आंबुशीच्या तणाला मात्र याने काहीच झालं नाही, ती अजून खुरप्यानेच काढतेय.

पाच पैकी चार स्टार. एक कापला तो पाकिटासाठी, बंगलेवाल्यांसाठी एक दोन ग्रॅमची पुडी काढायला काय हरकत आहे? दोन्ही वेळेला मोजताना सांडलं ते धरून माझं जेमतेम तीन ग्रॅम संपलं. उरलेलं पाकीट घट्ट बंद करून ठेवलंय, दिवाळीत गावी गेले की काकांना देईन, त्यांचा ऊस आहे. आणि सासूबाईंना सांगून टाकलंय, फवारलेल्या गाठी उटण्यात नकोत, यंदा मोथा दुकानातूनच आणू.