शिक्क्यातला 'ओ'

ह्यूस्टनच्या एका रुग्णालयात मी नर्स आहे. वॉर्डात निम्मे पेशंट स्पॅनिश बोलणारे. दुभाष्याचा फोन लागेपर्यंत आजीबाई कळवळत असतात आणि मी नुसती हात धरून उभी. म्हणून गेल्या वर्षी साठवलेली रजा काढून चार आठवडे ग्वाटेमालातल्या केत्साल्तेनांगोला जायचं ठरवलं. तिथले लोक गावाला शेला म्हणतात. 2,300 मीटरवरचं थंड गाव, ग्वाटेमालातल्याच अँटिग्वा शहराइतके पर्यटक नाहीत, त्यामुळे स्पॅनिश बोलण्यावाचून गत्यंतर नसतं. भाषाशाळा ढिगाने. एखाद्या शाळेला सरळ मेल टाकला असता तर हे लिहायची वेळच आली नसती.

मी मात्र जाहिरातीतल्या एजंटाला गाठलं. सकाळी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांबरोबर राउंड, दुपारी शिकवणी, आणि शेवटी अमेरिकेत चालणारं मेडिकल दुभाष्याचं सर्टिफिकेट! इथेच डोकं चालायला हवं होतं. सीसीएचआय आणि एनबीसीएमआय या संस्था ते देतात, त्यासाठी किमान 40 तासांचं प्रशिक्षण लागतं आणि वर त्यांची परीक्षा. सहलीवरून येताना ते मिळत नाही.

पैसे 3,200 डॉलर, 'झेल'ने, म्हणजे फोनवरून थेट बँक खात्यातून पैसे पाठवायच्या सोयीने. "कार्डाने दिलेत तर चार्ज उगाच तुमच्या माथी," म्हणाला. मला तो काळजी करणारा वाटला, काय सांगू. वर आरोग्य खात्याचा जांभळा गोल शिक्का असलेलं पत्रही पाठवलं.

सोमवारी सकाळी सात वाजता ते पत्र घेऊन शेलाच्या सरकारी रुग्णालयाच्या गेटवर. वॉचमनने ते वाचलं, शिक्क्यावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाला, "पुब्लिका, सेन्यो. पुब्लिको नाही." सालुद म्हणजे आरोग्य, स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी. खात्याच्या नावात 'सालुद पुब्लिका' असतं, आणि माझ्या शिक्क्यात 'पुब्लिको'. पहिल्या धड्यातली चूक! स्पॅनिश कच्चं म्हणून गेले आणि स्पॅनिश कच्चं म्हणूनच फसले. आत विचारलं तर असा काही कार्यक्रमच नव्हता.

शाळा खरी निघाली, पण तिला एकाच आठवड्याचे पैसे पोचले होते. भिंतीवर दर लावला होता: रोज पाच तास शिकवणी, एका घरी राहणं-जेवण धरून आठवड्याला 225 डॉलर. हिशेब तुम्हीच करा.

एजंटाला फोन केला तर त्याने घाईघाईने एका खासगी क्लिनिकचा पत्ता दिला. तिथे पाच मिनिटांत माझ्या हातात इंजेक्शनचा ट्रे. माझं लायसन्स टेक्ससचं, इथे मी कोण? शेजारी कॉलेजच्या दोन मुली, कसलंच लायसन्स नसलेल्या, हौसेने सुया टोचत होत्या. समोरच्या आजी किचे ही तिथली माया भाषा बोलत होत्या, स्पॅनिशही त्यांना जेमतेम. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मी ट्रे ठेवला आणि बाहेर पडले.

बँकेने हात वर केले: तुम्ही स्वतःच पाठवलेत. एफटीसीकडे, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे, तक्रार नोंदवली आहे, पैसे येतील अशी आशा नाही.

पुढचे दोन आठवडे शाळेत स्वतः पैसे भरून राहिले. बाईंनी रीतसर परवानगी काढून एक दिवस गावच्या आरोग्य केंद्रात नेलं, फक्त कोपऱ्यात बसून ऐकायला. एक बाई म्हणाली, "तेंगो आसुकार." मला साखर आहे. आपल्याकडे 'मला शुगर आहे' म्हणतात, अगदी तसंच! त्या एका सकाळी जे कळलं ते जाहिरातीतल्या राउंडमध्ये कळलं असतं का, शंकाच आहे.

परतल्यावर रागाच्या भरात एजंटाला लांबलचक मेल लिहिला, शिक्क्यातली व्याकरणाची चूकही दाखवून दिली. उत्तर आलं नाही. गेल्या महिन्यात वॉर्डातल्या एका नव्या मुलीने मला तिचं पत्र दाखवलं. कंपनीचं नाव वेगळं, फी 3,600, शिक्का तोच जांभळा. फक्त आता त्यात 'पुब्लिका' लिहिलंय.