वर्दी हवी, घरच्यांना डिग्री हवी: नाशिकच्या बारावीवाल्यांसमोरचे रस्ते, एकमेकांशेजारी ठेवून

सैन्यात जायचं की इंजिनिअरिंग करायचं, हा वाद घरात पेटण्याआधी दहावीचं प्रमाणपत्र काढा आणि त्यावरची जन्मतारीख वाचा. अधिकारी भरतीची परीक्षा घेणारी यूपीएससी (केंद्रीय लोकसेवा आयोग) तीच तारीख धरते, आधारवरची नाही. पैसा, क्लास, नातेवाइकांचं बोलणं या सगळ्यांत मागेपुढे करता येतं, वयात येत नाही.

एनडीए म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, बारावीनंतर सैन्याचे अधिकारी घडवणारी. तिचा कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस लागतं. परीक्षा वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये. अकरावीत बसता येत नाही, बारावीत शिकत असताना चालतं. आता एक उदाहरण मांडून बघू. मुलाचा जन्म ऑगस्ट २००९ चा, बारावी फेब्रुवारी २०२७ ला. त्याला मिळणाऱ्या संधी: सप्टेंबर २०२६, एप्रिल २०२७, सप्टेंबर २०२७, एप्रिल २०२८. बस, चारच. त्यापुढच्या सप्टेंबरला तो वयात बसत नाही.

या चारांपैकी पहिल्या दोन बारावीच्या वर्षात येतात आणि उरलेल्या दोन इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात. म्हणजे एनडीएसाठी प्रवेश सोडायची गरज नाही आणि प्रवेश घेतला म्हणून एनडीए सोडायचीही नाही. ‘आधी डिग्री कर, मग कुठे जायचं तिथे जा’ असं बाबा म्हणतात तेव्हा त्यांच्या नकळत एनडीएचं दार कायमचं लागतं, एवढं मात्र त्यांना कॅलेंडर समोर ठेवून दाखवायला हवं. बाकीची दारं उघडीच राहतात, त्यांचा हिशेब पुढे येतो.

अभ्यास एकच की दोन?

एनडीएचा गणिताचा पेपर ३०० गुणांचा, १२० प्रश्न. अभ्यासक्रम अकरावी-बारावीचाच: मॅट्रिक्स, त्रिकोणमिती, कॅल्क्युलस, व्हेक्टर, प्रॉबॅबिलिटी. जेईई किंवा सीईटीची तयारी करणाऱ्याला इथे नवीन काही शिकावं लागत नाही, फक्त वेग वाढवावा लागतो, कारण अडीच तासांत १२० म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकीला ०.८३ वजा. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नसतं, त्यामुळे तिथली ठोकून द्यायची सवय इथे महागात पडते.

वेगळा अभ्यास लागतो तो दुसऱ्या पेपरला. ६०० गुणांपैकी २०० इंग्रजीचे आणि ४०० सामान्य ज्ञानाचे. त्या ४०० मध्ये फिजिक्स-केमिस्ट्री बऱ्यापैकी असतं, उरलेलं इतिहास, भूगोल, चालू घडामोडी. रोज दीड तास, वर्षभर, एवढी तजवीज पुरते. लेखीचा कटऑफ २०२१ ते २०२४ या काळात ९०० पैकी साधारण २९० ते ३६० मध्ये राहिला आहे. आकडा छोटा दिसतो, पण प्रत्येक पेपरात किमान गुणांची अटही असते. गणितात खड्डा पडला की इंग्रजीचा डोंगर उपयोगी येत नाही.

हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतं, भूदलाला कुठलीही शाखा चालते. मुलींनाही २०२१ पासून एनडीएची परीक्षा खुली आहे.

पैशाचं गणित

घरात खरी अडचण बहुधा इथेच असते, फक्त ती ‘तुझी काळजी वाटते’ अशा शब्दांत बोलली जाते.

एनडीएत तीन वर्षं खडकवासल्यात आणि त्यानंतर साधारण एक वर्ष त्या त्या दलाच्या अकादमीत. शिकणं, राहणं, जेवण सरकारचं. घरून लागतो तो सुरुवातीचा कपडालत्ता आणि महिन्याचा हातखर्च. भूदलाच्या कॅडेटला डेहराडूनच्या शेवटच्या वर्षात महिना ५६,१०० रुपये स्टायपेंड मिळतो. लेफ्टनंट झाल्यावर मूळ वेतन ५६,१००, त्यावर १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे आणि महागाई भत्ता वगैरे. त्या वेळी मुलाचं वय साधारण बावीस. पण एक कागद वाचून सही करा: कॅडेटने स्वतःहून मध्येच सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च पालकांकडून वसूल होऊ शकतो.

आता इंजिनिअरिंग. समजा खासगी कॉलेजची फी, बस, पुस्तकं मिळून वर्षाला दीड लाख. चार वर्षांचे सहा लाख. ते कर्जाने उभे केले, व्याज १० टक्के आणि फेड सात वर्षं धरली, तर हप्ता महिना सुमारे १०,००० रुपये बसतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या घराला हा हप्ता कळतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराची अडचण वेगळीच. कॅप राउंडची (इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश फेरीची) फी भरायची वेळ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येते, म्हणजे गोडी छाटणीचा खर्च दारात उभा असताना, आणि मालाचे पैसे यायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. अशा घरी ‘एनडीए फुकट आहे’ हा मुद्दा देशप्रेमाच्या भाषणापेक्षा जास्त काम करतो. मुलगी असेल आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी प्रवर्गात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. तिच्या बाबतीत इंजिनिअरिंगचं पारडं बरंच जड होतं.

अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठीची जवानाची भरती, हा तिसरा हिशेब. हातात पहिल्या वर्षी महिना २१,०००, मग २३,१००, २५,५५० आणि चौथ्या वर्षी २८,०००. चार वर्षांची बेरीज ११ लाख ७१ हजार ८००. शिवाय बाहेर पडताना सेवानिधी १०.०४ लाख आणि त्यावरचं व्याज. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि कायम राहतात ते तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के. वडिलांचं आजारपण, डोक्यावर कर्ज, धाकट्या बहिणीचं शिक्षण अशी निकड असेल तर हा पैसा खरा आहे. पण अधिकारी व्हायचं असेल तर ‘आधी आत शिरू, मग बघू’ म्हणून अग्निवीरला जाऊ नका. अधिकाऱ्याच्या बहुतेक प्रवेशांना पदवी लागते आणि ती चार वर्षं पदवीचीच असतात. मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करायचा पक्का बेत असेल तर गोष्ट वेगळी.

मधला रस्ता, जो घरी कोणी सांगत नाही

भूदलाची टीईएस (टेक्निकल एंट्री स्कीम) ही प्रवेश योजना बारावीनंतरचीच. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून किमान ६० टक्के आणि जेईई मेन दिलेली असणं ही अट. यूपीएससीचा लेखी पेपर नाही, थेट एसएसबीचं, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखत-चाचण्यांचं, बोलावणं. अर्थात ६० ही अर्ज भरण्याची रेषा आहे, बोलावणं गुणांच्या यादीत वर असणाऱ्यांना येतं. चार वर्षं प्रशिक्षण, हातात इंजिनिअरिंगची डिग्री आणि खांद्यावर दोन तारे. आईला डिग्री हवी आणि मुलाला वर्दी, तर या एका योजनेत दोघांचंही भागतं. मात्र ती फक्त मुलांसाठी आहे. नौदलाची बारावीनंतरची बीटेक प्रवेश योजनाही जेईई मेनच्या रँकवर चालते, तिथे पीसीएमला ७० टक्के लागतात. घरच्यांचा हट्ट डॉक्टरकीचा असेल तर नीटमार्फत पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्याचं वैद्यकीय महाविद्यालय, आहे. फी नाही, पण शिकून झाल्यावर सात वर्षांच्या सेवेचा बाँड आहे.

डिग्रीनंतरचे रस्तेही बरे आहेत. इंजिनिअरांसाठीचे भूदलाचे प्रवेश, एसएससी टेक (शॉर्ट सर्व्हिस) आणि टीजीसी (टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स), यांना वय २० ते २७, लेखी परीक्षा नाही, इंजिनिअरिंगच्या गुणांवर एसएसबीचं बोलावणं. त्यामुळे ‘डिग्री नावापुरती, मन सैन्यात’ असं करणारा इथे अडकतो. बॅकलॉग, सहा-साडेसहाचा सीजीपीए, आणि बोलावणंच येत नाही. वयाचा फरक मात्र पालक समजतात तेवढा नाही. एनडीएवाला बाविसाव्या वर्षी अधिकारी होतो, एसएससी टेकवाला ४९ आठवड्यांचं प्रशिक्षण करून साधारण तेविसाव्या-चोविसाव्या. फरक पडतो तो कमिशनच्या, म्हणजे अधिकारी म्हणून होणाऱ्या नेमणुकीच्या, प्रकाराने. एनडीए आणि टीजीसीत कायम कमिशन. शॉर्ट सर्व्हिस दहा वर्षांची, चार वाढू शकतात, आणि अधिकाऱ्याला पेन्शन लागायला वीस वर्षं सेवा लागते. एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट बी ग्रेडने असेल तर पदवीला ५० टक्क्यांवरही लेखी परीक्षेशिवाय एसएसबी मिळते. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात एनसीसीला नाव द्या, दुसऱ्या वर्षी सुचून उपयोग नाही.

गाडी कुठे अडते

लेखी पास होणारे पुष्कळ, एसएसबीत पहिल्याच दिवशी परतणारेही पुष्कळ. त्या दिवशी एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात. एका मिनिटात किती माणसं दिसली, त्यांचं वय, मनःस्थिती टिपायची आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायची. मग गटात ती सांगून चर्चा. क्लासमध्ये पाठ केलेली ‘गावात पूर आला, नायकाने तरुणांना जमवलं’ ही गोष्ट कुठल्याही चित्रावर चिकटवली की तपासणाऱ्याला तत्काळ दिसते. चित्रात दोन माणसं बांधावर उभी असतील तर बांधावरचीच गोष्ट लिहा, साधी, पण कोणी काय केलं ते स्पष्ट. गटचर्चेत आवाज चढवण्याने गुण वाढत नाहीत. मराठी माध्यमाच्या मुलांना फर्डं इंग्रजी येत नाही म्हणून ते गप्प राहतात, आणि नुकसान होतं ते या गप्प राहण्याने. छोटी, बरोबर वाक्यं पुरतात.

एसएसबीतून निवड झाली की मेडिकल, आणि इथे पडणाऱ्या बऱ्याच गोष्टी आधी दुरुस्त होण्यासारख्या असतात: कानातला मळ, नाकाचा वाकलेला पडदा, टॉन्सिल, व्हेरिकोसील, हायड्रोसील, मूळव्याध, जास्त किंवा कमी वजन. अकरावीतच कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ गाठा, खर्च एखाद्या क्लासच्या महिन्याच्या फीपेक्षा कमी. रंग ओळखण्यात दोष किंवा गुडघे एकमेकांना लागत असतील तर तेही तेव्हाच कळलेलं बरं. चष्मा घालवण्यासाठी अठराव्या वर्षी लेसर करून घेऊ नका. वीस वर्षांच्या आत झालेली ती शस्त्रक्रियाच नापास करते. अनफिट ठरलात तर ४२ दिवसांत अपील मेडिकल बोर्डापुढे जाता येतं. तो कागद घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवायचा नाही, त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवायचा.

आणि सगळं पास झाल्यावरही शेवटी गुणवत्ता यादी असते. एका फेरीत जागा सुमारे ४००. म्हणून दुसरा पर्याय हातात असणं हा भित्रेपणा नाही.

नाशिककरांच्या हाताशी काय आहे

नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. एनडीए किंवा सीडीएसची (पदवीवर होणारी यूपीएससीची अधिकारी-परीक्षा) लेखी पास झालेल्यांना तिथे एसएसबीची तयारी राहण्या-जेवणासह मोफत करून देतात, एनसीसी आणि टेक्निकल प्रवेशवाल्यांनाही घेतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा, मगच हजारो रुपयांच्या क्लासचा विचार. दहावीत असलेल्या धाकट्या भावंडांसाठी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, १९७७ पासूनची, मुलांसाठी. मुलींसाठीची तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकलाच सुरू झाली. दोन्हींचे अर्ज दहावीच्या वर्षातच भरावे लागतात. पळायला गोल्फ क्लब मैदान आहे, चढायला पांडवलेणी. एनडीएत दाखल होताना १५ मिनिटांत २.४ किलोमीटर, २० दंड, ८ पुलअप्स जमायला हवेत. पळणं तीन महिन्यांत होतं. पुलअप्सना सहा लागतात, म्हणून ते आधी सुरू करा.

आमचं मत

गणित बरं असेल आणि वय शिल्लक असेल तर बारावीत एनडीए, जेईई मेन, सीईटी तिन्ही अर्ज भरा. एनडीएची फी १०० रुपये आहे, मुलींना तीही नाही. टीईएसची जाहिरात निघाली की तो अर्जही. जून-जुलैपर्यंत काही हाती लागलं नाही तर प्रवेश घ्या आणि पहिल्या वर्षी उरलेल्या दोन संधी वापरा. ड्रॉप फक्त एनडीएसाठी घेऊ नका. ड्रॉप घेतला म्हणून चार संधींच्या पाच होत नाहीत, घरातला विश्वास तेवढा आटतो.

गणित मुळातच कच्चं असेल तर एनडीएमागे दोन वर्षं घालवण्यापेक्षा आवडीची पदवी, एनसीसी आणि ‘सी’ सर्टिफिकेट हा रस्ता जास्त खात्रीचा. चेन्नईच्या ओटीएसाठी (शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्यांची अकादमी) सीडीएस देताना गणिताचा पेपर नसतो, हेही लक्षात असू द्या.

वडिलांशी बोलायला बसताना तीन कागद न्या: चार परीक्षांच्या तारखा, कर्जाच्या हप्त्याचा हिशेब, आणि एनडीए न झाल्यास कुठल्या कॉलेजात कुठली शाखा घेणार त्याचं नाव. तिसरा कागद नसेल तर ते पहिले दोन बघत नाहीत.